आक्काकडची दुपार

परवा शाळांना सुट्टी लागली. मला ते कॅलेंडरवरनं कळलं नाही. माझे कान मागावर काम करून अधू झालेत, पण पोरांच्या सायकली आमच्या भिंतीला टेकल्या की खाट हलते, त्यावरनं कळलं. सिद्धू आणि इम्रान दारात आले. चपला काढल्या, आत बघितलं आणि पुन्हा चपला घातल्या. "काय न्हाय दाजी, सहज," म्हणाले आणि गेले. मीही या म्हणालो नाही. आत बोलावून काय दाखवणार? खाट आणि मी.

ती गेल्यानंतरची ही पहिली सुट्टी.

तिच्या जलदान विधीला एक जण उठून बोलला की कमलबाई सुट्टीत मुलांवर चांगले संस्कार करायच्या. मी त्याला तिथंच खाली बस म्हणणार होतो. तिनं कसले संस्कार केले नाहीत. गोष्टी सांगितल्या नाहीत, पाढे घेतले नाहीत, श्लोक नाही, चित्रकला नाही. ती मोठमोठ्या पोरांना दुपारभर लोळू द्यायची. एवढंच करायची. पण ते करायला तिला किती भांडावं लागायचं ते मी बघितलंय, म्हणून लिहितो. माझी शाळा थोडी झाली. चुकेल तिथं चुकेल.

माझी बायको कमल. भवानी पेठेतल्या आमच्या बोळात तिला कमल म्हणणारा मी एकटाच. बाकी सगळ्यांची ती आक्का. आईची पण आक्का आणि पोराची पण आक्काच. त्यामुळं मी सगळ्यांचा दाजी. अजून मिसरूड न फुटलेली पोरं मला दाजी म्हणतात आणि मी ओ देतो.

ती शाळेच्या युनिफॉर्मला बटणं लावायची. कपडे कारखान्यात शिवून, काजं पाडून आमच्या घरी यायचे. बटणं लावायची, लोंबते दोरे कापायचे, घडी घालून परत द्यायचे. सोलापुरात शिवलेले हे कपडे कुठल्या कुठल्या गावची पोरं घालतात. या धंद्याची तऱ्हा अशी की शाळा बंद झाली की तो जोरात येतो. इकडं पोरं मोकळी होणार आणि तिकडं त्यांचे जूनचे शर्ट आमच्या घरात येऊन पडणार. भिंतीला गठ्ठे पार छतापर्यंत. मधी उरेल त्या जागेत पोरं.

पोरं आमच्याकडंच का, तर एकतर आमची खोली थंड. बाकीच्यांवर पत्रा, आमच्यावर मातीचं माळवद. दुसरं म्हणजे मी कामाला होतो त्या कारखान्यातली विणताना चुकलेली एक चादर ती पाण्यात बुडवून दारात टांगायची. झळ त्या चादरीला लागून गार होऊन आत यायची. आणि तिसरं, या पोरांच्या घरी दुपारी कुणी नसायचंच. सिद्धूचा बाप साताऱ्या-सांगलीकडं ट्रक घेऊन जायचा, आई सात रस्त्याजवळ एका दवाखान्यात झाडायला. इम्रानच्या घरी माणसं इतकी की त्याला बसायला जागा नाही. रेणुकाची आई लक्ष्मी विड्या वळायची. ते लोक घरात तेलुगू बोलतात, पण लक्ष्मी भांडायची मराठीतनं. तिचं मराठी भांडणापुरतं चांगलं होतं.

आल्यावर पोरं पसरायची. अर्धा तास बरं वाटायचं. मग सुरू व्हायचं, "आक्का, कंटाळा आला."

ती मान वर न करता म्हणायची, "आला का? बस म्हण त्याला. पाणी दे."

हे तिचं ठरलेलं. कंटाळा म्हणजे जसा कुणी गावाकडचा पाव्हणा. तो आला की घाबरायचं नाही, घालवायला बघायचं नाही. बसेल, उठेल, जाईल आपला. पहिले काही दिवस पोरं चिडायची. मग एकेकाची जांभई यायची आणि ती मला खूण करायची, बघा, आता लागली यांना सुट्टी. शाळेनं दिलेली सुट्टी ती धरायचीच नाही. पोरगं डोळे उघडे ठेवून छताकडं बघत पडलं आणि त्याला काय विचार करतोस म्हटल्यावर काही सांगता आलं नाही, तर ती खरी सुट्टी.

मोबाइलला तिनं बंदी घातली नव्हती. तिचा नियम एकच. जो मोबाइल उघडेल त्यानं काय बघतोय ते मोठ्यानं सगळ्यांना सांगायचं. पेपर वाचून दाखवतात तसं. "दाजींला ऐकू येत न्हाय, मोठ्यानं सांग," असं वर म्हणायची. मी आपला उगाच कानाला हात लावून बसायचो. इम्रान बिचारा क्रिकेटचं सांगायचा, ते ठीक होतं. एकदा सिद्धूनं मोबाइल उघडला आणि आपलं आपण हसायला लागला. आक्का म्हणाली, सांग की. तो म्हणाला काय नाही, मेसेज आहे. ती म्हणाली मेसेज वाच. त्याचे कान लाल झाले.

इम्रान म्हणाला, "वाच बे. जेवलास का विचारलंय काय बघ तिनं."

सिद्धू म्हणाला चार्जिंग संपलं. त्या सुट्टीत त्याचं चार्जिंग आमच्या दारात आलं की संपायचं.

भूक लागली की मात्र ज्यानं त्यानं उठायचं. डब्यात कडक भाकरी असायची, शेंगाची चटणी असायची. भाकरी कुस्करायची, चटणी, तेल, कांदा. हातानं कालवून खायचं आणि ताट धुवून ठेवायचं. त्याला ती काम म्हणत नव्हती. पोटाचं काम ते काम नव्हे, म्हणायची.

काम म्हणजे ते गठ्ठे. त्याला पोरांनी हात लावायचा नाही. हा नियम लई कडक. कुणी नुसती घडी नीट करायला गेलं तरी हातावर चापट बसायची. एवढी पोरं बसलेली, एवढा माल पडलेला, कारखान्याचा मुकादम रोज निरोप पाठवतोय, आणि ही एकटी सुई ओवतेय. बोळातल्या बायका म्हणायच्या आक्काला अक्कल नाही, फुकटचे हात घरात बसलेत. मी पण म्हणायचो. पोरांचं काय जातंय, दोन-दोन शर्ट केले तर.

तिचं उत्तर मला माहीत होतं. ती सातवीची परीक्षा देऊन सुट्टीला घरी आली तेव्हा तिच्या आईनं सुट्टीपुरतं म्हणून काजं करायला बसवलं. तेव्हा काजं हातानं व्हायची. हिचा हात बारीक, काज असं व्हायचं की मशीनचं वाटावं. मालक खूश, आई खूश. शाळा सुरू झाली तेव्हा घरात माल पडलेला होता. एवढा झाला की जा, म्हणाले. तो झाला, दुसरा आला. शाळेतनं नाव कधी कापलं ते पण हिला कळलं नाही. हे ती रडून सांगायची नाही. बटण लावता लावता, दात लावून दोरा तोडायचा आणि म्हणायचं, "माझी सुट्टी अजून चालूच हाय."

मला ते ऐकवत नव्हतं. मी बाहेर जाऊन बसायचो.

आता रेणुकाचं. नववी देऊन दहावीला जाणार, उंच, गप्प. बाकीची दोघं लोळायची, ही बसायची. भिंतीला टेकून, गुडघ्यात हात घालून आक्काच्या सुईकडं बघत. आक्का म्हणायची, "इकडं काय सिनेमा लागलाय? छताकडं बघ." तर छताकडं बघायची आणि परत सुईकडं. लक्ष्मीनं सुट्टी लागायच्या आधीच बोलून दाखवलं होतं की दहावीचा खर्च झेपत नाही, पोरीचा हात चालतोय, सुट्टीत काम शिकली तर बरं. जूनचं जूनमधी बघू. आक्काला त्या 'बघू'ची भीती होती. मला म्हणाली, ही पोरगी जूनमध्ये शाळेत गेली पाहिजे, मला बाकी काय नको. लक्ष्मीला तिनं सांगून ठेवलं, दुपारची पोरगी माझ्याकडं. मग रोज साडी खोचून आणायला जायची. चार घरं पलीकडं जायचं तर तिला वाटेत दोनदा थांबावं लागायचं.

कारण तेव्हा तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातनं दोन दिवस सकाळी सरकारी दवाखान्यात नळ्या लावून रक्त धुवायचे आणि दुपारी मी तिला घरी आणायचो. पोरांना सांगायचं नाही अशी मला ताकीद. सुट्टीत पोरांनी आजाऱ्याच्या उशाला बसायचं का, म्हणाली. पोरांना ती सांगायची भाजी आणायला गेलते. हातात भाजी नसायची. पोरं काही विचारायची नाहीत. पाय सुजून भांड्यासारखे झालेले, ते ती साडीत ओढून घ्यायची. आमची लेक पुण्याहून फोन करायची, इकडं ये म्हणायची. जून लागू दे, मग येते, म्हणायची.

माल द्यायचे दिवस आले आणि तिचा हात थरथरायला लागला. सुईत दोरा जाईना. मी ओवून द्यायचो, मलाही धड दिसत नाही, तर दोघं मिळून एक दोरा. एका दुपारी ती दवाखान्यातनं आली आणि मांडीवर शर्ट घेतला तो तसाच घेऊन झोपली. भिंतीला डोकं टेकून, सुई बोटात.

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. मग सिद्धूनं हळूच गठ्ठा ओढला. मी बघत होतो. तोंडावर बोट ठेवून इम्राननं मला गप्प बस अशी खूण केली. मला बरंच वाटलं. तिघं शेजारी शेजारी बसली. इम्रानच्या बोटाला सुई टोचली की तो तोंड उघडायचा पण आवाज काढायचा नाही. सांजेपर्यंत त्यांनी ढीग केला आणि ती उठायच्या आत पळाली.

ती उठली. ढीग बघितला. एक शर्ट उचलला, फिरवला, दुसरा उचलला. मला वाटलं आता बोलणार. तर ती हसायला लागली. इतकी हसली की तिला दम लागला आणि मी पाणी घेऊन धावलो. दोघा पोरांनी आपापल्या शर्टांची सगळी बटणं लावली होती, फक्त गळ्याचं नाही. एकाही शर्टाला गळ्याचं बटण नाही. काज उघडंच.

दुसऱ्या दिवशी विचारलं तर सिद्धू म्हणाला, "वरचं कोण लावतंय आक्का? सर बघतेत तवा लावायचं आन् पुन्यांदा काढायचं." इम्रान म्हणाला आम्ही पोरांचा फायदाच बघितला.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी हसून झाल्यावर तिनं ढिगातला खालचा भाग काढला. ते रेणुकाचे. तिनं एक शर्ट उजेडाला नेला. बटण अंगठ्यानं हलवून बघितलं. उलटा करून मागचा टाका बघितला. मग दुसरा. मग सगळे. आणि तिचं तोंड असं झालं की दवाखान्यात डॉक्टरनं कागद वाचून दाखवला तेव्हा पण तसं झालं नव्हतं.

मी म्हणालो, काय झालं, वाकडी लावली का.

ती म्हणाली, "माज्यापेक्षा चांगली लावल्यात वं."

मग तिनं कात्री घेतली आणि रेणुकाच्या शर्टांची बटणं कापायला लागली. एक एक. मी म्हणालो, येडी झालीस का, चांगलं काम हाय, उद्या माल द्यायचाय. तिनं ऐकलं नाही. पोरांचे बिनगळ्याचे शर्ट तिनं बाजूला ठेवले, त्याला गळ्याचं बटण लावून ते जाणार होते. मोडले ते फक्त रेणुकाचे. बटणं ताटलीत पडत होती. कापडाला छेद जाईल म्हणून मी घाबरत होतो, पण एकाही शर्टाला छेद गेला नाही.

दुसऱ्या दिवशी पोरं आली. दोघांची तिनं चेष्टा केली. मग रेणुकाला जवळ बोलावलं. ताटलीतली बटणं पुढं ठेवली. पोरगी बघतच राहिली.

"तुझी सगळी उसवावी लागली. तुझ्या हातात हे न्हाय गं. दोरा ओढतीस, गाठ ढिली पडती. पुन्यांदा सुईला हात लावू नको."

मी खाटेवर बसलो होतो. मला नीट ऐकू येत नाही, पण ती मुद्दाम मोठ्यानं बोलली. लक्ष्मी दारात उभी होती. तिला तिनंच बोलावून घेतलं होतं. लक्ष्मीकडं वळून म्हणाली, ही पोरगी या कामाची नाही, विड्या पण फुकट घालवेल, पानं नासतील तुझी. हिला शाळेतच घाल, तिथंच काय झालं तर होईल.

लक्ष्मी म्हणाली, "इतका वाईट हाय का हात?"

"लई वाईट," आक्का म्हणाली.

रेणुकाच्या डोळ्यांतनं पाणी आलं. रागाचं. तिला कळत होतं की तिचं काम चांगलं होतं. हाताला कळतंच की. ती उठली आणि गेली. पुढं काही दिवस आलीच नाही. बोळात समोरून आली तर आक्काकडं न बघता भिंतीकडनं जायची. आक्का रोज दुपारी ओली चादर टांगायची आणि तिच्या एका कोपऱ्यातनं बाहेर बघत बसायची. मी म्हणायचो, सांगून टाक ना पोरीला खरं. ती म्हणायची, खरं सांगितलं तर ती उद्या सुई घेऊन येईल. तिला माझा राग येऊ दे, राग जातो.

कुणाला हे खोटं वाटेल, पण शेवटच्या दिवसांत तिला दुखण्याचं काही वाटत नव्हतं. नळ्या, सुया, पाणी मोजून प्यायचं, सगळं मुकाट करायची. पोरीनं तोंड फिरवलं तेवढं तिला सहन होत नव्हतं. जेवताना घास थांबायचा. आणि तरी खरं सांगितलं नाही.

मग एका दुपारी चादर बाजूला झाली आणि रेणुका आत आली. भिंतीजवळ बसली. सुईकडं बघितलं नाही, छताकडं बघत बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आक्का, कंटाळा आला."

आक्कानं तोंड गठ्ठ्याकडं फिरवलं. मीच म्हणालो, बस म्हण त्याला. पाणी दे.

रेणुका जूनमध्ये शाळेत गेली. यंदा दहावीची परीक्षा दिली. लक्ष्मी अजून सगळ्यांना सांगते, पोरीच्या हातात काही नाही म्हणून शिकवतेय. रेणुका मान खाली घालून ऐकते. तिला खरं काय ते मी सांगितलेलं नाही. परवा वाटलं होतं की सांगावं, पोरीच्या मनात आक्काबद्दल काही राहू नये. पण कमलनं जे इतकं जीव लावून मोडलं ते मी कशाला शिवू? लिहितोय मात्र. कधी तिच्या हातात हे पडलं तर पडलं, तोवर ती पुढं गेलेली असू दे.

आता शेवटचं सांगतो.

ती दवाखान्यात शेवटची गेली त्या दुपारी पोरं जेवून झोपली होती. तिघंही खाली फरशीवर, वेडीवाकडी. मोठी पोरं झोपली की खोलीत पाय ठेवायला जागा राहत नाही. कमलला सकाळपासून दम लागत होता. मी रिक्षा बोलावली. रिक्षावाला दारातली चादर सारून हाक मारणार, तर तिनं आतनंच हात वर करून त्याला गप्प केलं.

माझ्या खांद्याला धरून ती निघाली. सिद्धूला ओलांडलं. इम्रानच्या पायाजवळनं गेली. दाराच्या वाटेवर रेणुका झोपली होती, तोंड उघडं, एक हात लांब पसरलेला. तो हात ओलांडायला पाय उचलावा लागणार होता आणि कमलचा पाय उचलेना. तिनं दोनदा बघितलं. मी म्हणालो, उठवतो पोरीला.

ती म्हणाली, "नगं. झोपू द्या की. पुन्यांदा कवा झोपायचं त्यांनी."

आणि ती खाली बसली. एवढी आजारी बाई, फरशीवर बसली आणि बसल्या बसल्या हातांवर सरकत सरकत पोरीच्या हाताला वळसा घालून दाराकडं गेली. मी नुसता मागं उभा. सरकताना तिची बांगडी फरशीला लागली तशी तिनं थांबून ती वर कोपरापर्यंत ओढली आणि मग पुढं सरकली. उंबऱ्यापाशी मी तिला काखेत हात घालून उठवलं. तिनं साडीची धूळ झटकली. चादर नीट केली, कडेनं ऊन आत जात होतं तिथं खोचली.

रिक्षात मी तिच्या शेजारी बसलो. तिचा हात माझ्या हातात होता. बोळ संपेपर्यंत ती मान वळवून दाराकडं बघत होती. मी म्हणालो, माझ्याकडं बघ जरा. तिनं ऐकलं नाही.